दुसऱ्या प्लेटचं काय करायचं?

"मॅडम, बाबा आईसाठीबी पोहे आणून राहिले. लोक हसतात. त्यांना ठणकावून सांगू, की चालू द्यायचं?"

नागपूरच्या महाल भागातला हा मुलगा चाळिशीचा. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) आई जाऊन चार महिने झालेले. बाबा रोज सकाळी तर्रीपोह्याच्या दोन प्लेटा बांधून आणत, एक तिच्या खुर्चीसमोर ठेवत. एकदा यानं ती उचलून फेकली. बाबा दोन दिवस जेवले नाहीत.

आधी मी बाबांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. विसरभोळेपणा, भास, झोप, सगळं तपासून झालं. ते टाळून नुसतं 'चालू द्या' म्हणणं मला पटत नाही. विचारायला कोणीच नसेल, तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करता येतो, फुकट आहे. बाबांना भास नव्हता. म्हणाले, "गेली ते माहीत आहे ना जी. पण एकच प्लेट मांगताना जीभ अडते."

मग मुलाला 2007 चा 'लार्स अँड द रिअल गर्ल' हा इंग्रजी सिनेमा बघायला सांगितला. लाजाळू लार्स एका बाहुलीला आपली मैत्रीण मानतो. डॉक्टरीणबाई भावाला आणि वहिनीला सांगतात, वाद घालू नका. हळूहळू अख्खं गाव त्या बाहुलीला आपल्यात घेतं. हसू येतं, पण लार्सला कोणी हसण्यावारी नेत नाही. कठीण वेळी बायका जेवण घेऊन येतात, विणकाम करत नुसत्या बसतात. मला तो प्रसंग फार आवडतो. आपल्याकडे सुतकाच्या घरी शेजारणी पिठलं-भात घेऊन येतात तसाच. फक्त आपण तेराव्यानंतर येणं बंद करतो.

अर्ध्यातच मुलाचा फोन. "हे गावच येडं आहे काय?"

"नाही. आणि तुमच्या बाबांचं तसं नाही, त्यांना खरं माहीत आहे. वहिनी काय करते तेवढं बघा."

त्यानं एवढंच केलं, सकाळी बाबांसोबत टपरीवर जायला लागला. तिथं कळलं, पोहेवाला रोज विचारायचा, "काकूंच्या प्लेटमधे तर्री कमीच ना?" चार महिने! हसणारे लोक कोण होते, ते मी त्याला विचारलं नाही.

परवा बाबा एकच प्लेट म्हणाले. पोहेवाल्यानं सवयीनं दोन बांधल्या. बाबांनी दुसरी मुलापुढे सरकवली.

"घे. तुझ्या आईची आहे, तर्री कमी असंन."