वाचक विचारतात: उंचसखल रानात स्लॅशर नीट चालवायचा तर जोडणी कशी हवी?

पाऊस झाला की बागांत आणि माळावर गवत कंबरेला लागतं आणि आपल्याकडं स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडून गवत कापायच्या यंत्राबद्दलचे प्रश्न यायला लागतात. यंदा बहुतेक प्रश्न सोलापूर जिल्ह्यातूनच आलेत, आणि साहजिकच आहे, एका टोकाला मंगळवेढ्याची खोल काळी जमीन आणि दुसऱ्या टोकाला सांगोल्याचा मुरमाड उतार, सपाट रान म्हणावं असं कमीच. त्यातले चार प्रश्न इथं घेतलेत.

प्रश्न: माझी सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग हाय, जमीन उताराची, मुरमाड, मधी मधी दगडगोटे. २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर हाय, त्याला चार फुटी स्लॅशर जुन्यात घेतला. एका जागी गवत पार मुळासकट खरवडून माती उडवतोय अन् पुढं दोन पावलावर गुडघाभर गवत तसंच उभं ऱ्हातंय. डावीकडं जास्त खाली लागतोय. मिस्त्री म्हणतो हायड्रोलिकनं वर उचलून चालवा, तसं केलं तर निम्मं गवत ऱ्हातंय. नेमकं काय करावं?

उत्तर: दादा, उंची वरखाली करून हे सुटणार नाही कारण दुखणं उंचीचं नाहीच, स्लॅशर ट्रॅक्टरला जोडलाय कसा त्याचं आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून टॉप लिंक, म्हणजे स्लॅशरला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा मधला दांडा, ताठ आवळलेली असणार असं दिसतंय. नांगर, कल्टीव्हेटर लावायची सवय असते ना, तिथं टॉप लिंक घट्टच लागते, मग स्लॅशरलाही हात आपोआप तसाच पडतो.

स्लॅशरचा भार दोन ठिकाणी असतो बघा. पुढची बाजू ट्रॅक्टरच्या खालच्या दोन लिंकवर आणि मागची बाजू त्याच्या स्वतःच्या मागच्या चाकावर. आता टॉप लिंक ताठ असली की हे दोन्ही एकमेकांत अडकतात. स्लॅशरचं मागचं चाक एखाद्या उंचवट्यावर चढलं तर नुसती मागची बाजू वर जायला पाहिजे, पण ताठ टॉप लिंकमुळं पुढची बाजूपण उचलली जाते आणि तिथलं गवत उभं राहतं. ट्रॅक्टरचं पुढचं चाक चरात उतरलं की उलटं होतं, ट्रॅक्टरची मागची बाजू वर जाते आणि स्लॅशरचं मागचं चाक जमीन सोडून अधांतरी लटकतं, मग अख्खं यंत्र हेलकावे खातं आणि ट्रॅक्टरची मोठी चाकं त्याच चरात आली रे आली की पाती थेट मातीत. तुमचं एका जागी खरवडणं आणि दोन पावलांवर गवत राहणं, दोन्हीचं मूळ हेच आहे.

तर आता ट्रॅक्टर घराच्या अंगणात नाहीतर सिमेंटच्या खळ्यावर सपाट जागी घ्या, रानात हे काम करू नका. आधी दोन्ही मागच्या टायरची हवा सारखी आहे का बघा, एका टायरला हवा कमी असली की स्लॅशर त्या बाजूला कलतो आणि आपण उगीच रॉड फिरवत बसतो. तुमचं डावीकडं खाली लागणं कदाचित तेवढ्यानंच जाईल. नंतर पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, यंत्राला फिरवणारा दांडा) बंद, इंजिन बंद, चावी काढून स्वतःच्या खिशात, आणि स्लॅशरखाली दोन्हीकडून लाकडाचे जाड ओंडके. नुसत्या हायड्रोलिकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, सील गेलं किंवा पोरानं लिव्हरला हात लावला की संपलं, हे मी परत परत लिहितो आणि लिहीतच राहणार.

पातं हातानं फिरवून आडवं करा, म्हणजे एक टोक डावीकडं आणि एक उजवीकडं. टोकापासून फरशीपर्यंत टेप लावा, मग दुसरीकडं. फरक असेल तर उजव्या लिफ्ट रॉडला (खालची लिंक उचलून धरणारी सळी) जो फिरवायचा दांडा असतो त्यानं सारखं करून घ्या. मग तेच पातं पुढं-मागं करा आणि परत मोजा. पुढचं टोक मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली पाहिजे. कारण गवत कापलं जातं ते पुढच्या अर्ध्या फेऱ्यात, मागची बाजू खाली राहिली तर कापलेलंच गवत आत अडकून परत परत कापलं जातं, गवत बारीक होतं खरं पण ट्रॅक्टरला ताण येतो, २४ एचपीला तर लगेच जाणवेल, इंजिन दबून चालेल आणि धूर काढेल.

हे जमलं की टॉप लिंक. पुढची उंची खालच्या लिंकनी धरून ठेवायची आणि टॉप लिंक फिरवून लांब करत जायची, मागचं चाक टेकून भार त्याच्यावर आला की टॉप लिंक हातानं हलवली तर खुळखुळायला लागते, तिथून अजून थोडी सैल सोडायची. काही स्लॅशरला वरती एक झुलती पट्टी दिलेली असते, टॉप लिंक त्या पट्टीला लावायची, थेट मास्टच्या, म्हणजे स्लॅशरच्या पुढच्या उभ्या सांगाड्याच्या, भोकात नाही. जुन्यात घेतलेल्या यंत्राची ही पट्टी कितीदा तरी कुणीतरी वेल्डिंग करून पक्की केलेली असते, तुमचीपण तशी नाही ना ते आधी बघा, असेल तर कापून मोकळी करून घ्या. टॉप लिंकच्या जागी साखळी लावतात तेपण चालतं, पण यंत्राच्या कंपनीची नाहीतर तेवढ्या भाराची साखळी हवी, दोरखंड बिरखंड नको, आणि साखळी असताना बांधावर मागं दाबत रिव्हर्स घ्यायचं नाही, स्लॅशर दुमडून ट्रॅक्टरकडं येऊ शकतो. सैल म्हणजे किती, तर स्लॅशर पूर्ण उचलल्यावर मागचं चाक जमिनीपासून मोकळं वर यायला पाहिजे, येत नसेल तर जास्त सोडलंय.

लिव्हरचं सांगायचं राहिलं. स्लॅशर पोझिशन कंट्रोलवर चालवायचा, म्हणजे लिव्हर जिथं ठेवाल त्याच उंचीवर यंत्र राहतं. ड्राफ्ट कंट्रोल हा मातीत ओढ बसणाऱ्या औजारांसाठी आहे, स्लॅशरला मातीची ओढच नसते तर तो कशावर काम करणार. एकदा उंची ठरली की लिव्हरच्या पट्टीवरचा थांब्याचा नट तिथं आवळून टाका, म्हणजे दरवेळी वळणावर उचलून खाली सोडलं की बरोबर त्याच जागी येतं, अंदाजानं सोडायला नको. तुमच्या मुरमाड रानात पात्याची उंची चार-पाच इंचाच्या खाली नेऊ नका. आणि बाजूचे स्किड, म्हणजे त्या घसरपट्ट्या, भार वाहायला नाहीत, उंचवटा आला तर पाती वाचवायला आहेत, त्या सारख्या घासून चकाकत असतील तर समजा यंत्र खाली आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच जोडणीनं सुटणार नाही. तुमची झाडं गादीवाफ्यावर असतील, तर दोन ओळींमधली जागा मधे खोल आणि कडेला चढती असते. ट्रॅक्टर मधून गेला की स्लॅशरची कड वाफ्याच्या खांद्याला लागणारच. तेवढी पट्टी सोडून द्या आणि ती पाठीवरच्या ब्रश कटरनं हळू कापा. तिथंच ड्रिपच्या नळ्या असतात, आणि डाळिंबाच्या खोडाला जखम झाली की मर रोगाला दार उघडतं, गवताच्या हातभर पट्टीसाठी झाड घालवू नका.

वेग कमी ठेवा, माणूस सावकाश चालतो तेवढाच, पण पीटीओ मात्र मिनिटाला पूर्ण ५४० फेऱ्यांवर पाहिजे. बरेच जण खडबडीत जागी इंजिनच कमी करतात आणि मग पाती गवत कापायच्या ऐवजी चिरडून झोपवतात. गिअर खालचा टाका, इंजिन मीटरवरच्या ५४० च्या खुणेवरच राहू द्या.

प्रश्न: आमचं शेत बार्शी तालुक्यात आहे, मध्ये तीन बांध आहेत. बांध ओलांडताना पीटीओ शाफ्टमधून खडखड आवाज येतो, एकदा तर शाफ्ट निघूनच आला. मुलगा ट्रॅक्टर चालवतो म्हणून भीती वाटते.

उत्तर: ताई, भीती बरोबर आहे आणि आधी ती चालू शाफ्टची. बांध आला की पीटीओ बंद, पाती थांबू द्यायची, मग स्लॅशर उचलायचा आणि मग ओलांडायचं, हा क्रम मुलाच्या अंगवळणी पाडा. उचललेल्या स्थितीत शाफ्टचा कोन फार वाढतो, तसाच फिरवत राहिलं तर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर झटके बसतात, ती खडखड तीच.

शाफ्ट निघाला याचा अर्थ तो लांबीला कमी पडतोय. बांधावर ट्रॅक्टर वर-खाली झाला की शाफ्ट लांब आणि आखूड होत राहतो, आतली नळी बाहेरच्या नळीत कायम निदान एक तृतीयांश तरी असली पाहिजे. उलट फार लांब असला तरी वाईट, खोलगट जागी तो आत पूर्ण बसतो आणि जोर थेट गिअर बॉक्सवर किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओवर जातो, म्हणून सर्वात आखूड स्थितीतसुद्धा इंचभर तरी जागा शिल्लक हवी. हे मोजायला पीटीओ बंद ठेवून स्लॅशर हळूहळू वर-खाली करायचा आणि दर टप्प्यावर इंजिन बंद करून नळीवर खडूनं खूण करत जायची. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवरचा शाफ्ट तुमच्या ट्रॅक्टरला बसेलच असं नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं असेल तर आजच नवीन आणा, उपरणं, धोतराचा सोगा, साडीचा पदर, काहीही त्यात गुंडाळलं जातं आणि माणसाला सुटायला वेळच मिळत नाही.

खोल चर असेल तर सरळ उतरू नका, थोडं तिरकं घ्या म्हणजे स्लॅशरची मधली बाजू टेकून अडकत नाही, मात्र काठ खचणारा किंवा उतार जास्त असेल तर तिरकं घेतल्यानं ट्रॅक्टर कलतो, तिथं लांबून वळसा घालून जाणंच बरं. आणि काळ्या रानात वाफसा आल्याशिवाय शिरूच नका, एक चाक रुतलं की सगळी लेव्हल गेली.

प्रश्न: शिअर बोल्ट सारखा तुटतोय. दुकानदार म्हणाला हाय टेन्साईल बोल्ट टाका, तुटणारच नाही. टाकू का? आणि क्लच दाबला तरी ट्रॅक्टर पुढं ढकलला जातो, हे काय आहे?

उत्तर: अजिबात टाकू नका. तो बोल्ट तुटायलाच दिलाय, तो तुटला नाही तर गिअर बॉक्सचा दात तुटेल नाहीतर शाफ्ट पिळेल, आणि बोल्ट काही रुपयात येतो. पुस्तकात जो दिलाय तोच वापरा. सारखा तुटतोय म्हणजे पाती दगडाला किंवा वेड्या बाभळीच्या खुंटाला लागतायत, उंची वाढवा. पाती त्यांच्या पिनवर मोकळी फिरतात का तेपण बघा, दगड लागला की पातं मागं दुमडायला पाहिजे, गंजून किंवा गवत गुंडाळून जाम झालं असेल तर सगळा मार बोल्टवर येतो. पाती बदलायची तर जोडीनंच, वजन सारखं असलेली. धार वस्तऱ्यासारखी करू नका, थोडी बोथट कड राहिली तरच मुरमात टिकते.

दुसरं जे विचारलंय ते जास्त गंभीर आहे. पीटीओ आणि चाकं एकाच क्लचवर असलेल्या जुन्या ट्रॅक्टरला हे होतं. फिरणाऱ्या जड पात्यांचा वेग उलटा गिअर बॉक्समधून चाकांना ढकलतो, तुम्ही क्लच दाबता आणि ट्रॅक्टर थांबत नाही, समोर बांध किंवा विहीर असेल तर काय होईल ते सांगायला नको. पीटीओच्या टोकाला ओव्हररनिंग कपलिंग बसवून घ्या, ते पात्यांचा जोर मागं येऊ देत नाही. त्यानं शाफ्टची जागा काही इंचानं कमी होते, म्हणून शाफ्ट परत मोजून कापावा लागेल. तोपर्यंत हा ट्रॅक्टर स्लॅशरला लावू नका.

प्रश्न: उत्तर सोलापुरात नान्नजच्या बाजूला आमचा गवताचा माळ आहे. स्लॅशर चालवला तर जमेल का? गवत वैरणीला पण हवंय.

उत्तर: वैरणीला हवं असेल तर स्लॅशर नको. तो गवताचे तुकडे करून पसरवतो, गोळा करताना निम्मं मातीत जातं. वैरणीसाठी विळा किंवा कापून ओळीत टाकणारं यंत्र बरं. नुसती कुसळं आणि गाजर गवत काढायचं असेल तर चालेल, पण आधी पायी फिरून घ्या. माळावर गवतात झाकलेले दगड, जुन्या कुंपणाची तार, खड्डे असतात, दिसतील तिथं काठीला फडकं बांधून खूण करा. तार पात्याला गुंडाळली तर तासभर जातो आणि दगड उडाला तर गोळीसारखा जातो, पुढच्या-मागच्या साखळ्यांचा पडदा पूर्ण असेल तरच सुरू करा आणि गुराखी, पोरं शंभरेक मीटर लांब. उंची सहा इंच ठेवली तरी माळाला पुरे.

आणि दादा, नान्नजचा परिसर माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा. माळढोक, टिटवी, चंडोल हे सगळे जमिनीवरच अंडी घालतात, माळढोक तर बहुतेक वेळा एकच. पावसाळ्याच्या दिवसांत शक्य असेल तर थांबा, दिवाळीनंतर कापा. तुमची जमीन अभयारण्याच्या हद्दीत किंवा लागून असेल तर आधी वन विभागाला विचारून घ्या. कापताना कडेनं सुरू करून आत येऊ नका, पाखरं आणि पिल्लं मधे कोंडली जातात. मधून सुरू करा आणि बाहेरच्या बाजूला कापत जा, त्यांना निसटायला वाट राहते, आणि कुठं टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर पीटीओ बंद करून खाली उतरून बघा, अंडी दिसली तर तेवढा तुकडा तसाच सोडा.