विधान भवन दाखवायला 40 मुलं न्यायची? बस नंतर, आधी यादी

सर, नववी-दहावीची 40 मुलं आणि 4 शिक्षक हिंगणघाट तालुक्यातून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला न्यायचे आहेत, बस ठरली, आता पासचं काय, असं तुम्ही विचारलंय. बसचा इसार देण्याआधी आमदारांच्या स्वीय सहायकांना फोन करा आणि एवढंच विचारा: यंदा प्रेक्षकांना पास मिळताहेत का? जुलै 2025 मध्ये मुंबईच्या विधान भवनात कार्यकर्त्यांची हाणामारी झाली, तेव्हा अध्यक्षांनी बाहेरच्यांच्या प्रवेशावर निर्बंध आणले. होकार येईपर्यंत मुलांना तारीख सांगूच नका.

होकार आला की मुख्याध्यापकांचं पत्र, नावांची यादी आणि आमदारांची शिफारस हे सगळं विधिमंडळ सचिवालयाकडे जातं. घोडं अडतं ते यादीत. हजेरीपटात वडिलांचं नाव 'विठ्ठल', आधारवर 'विठ्ठलराव', आणि पोट्टं गेटवर उभं. म्हणून 44 नावं आधार कार्ड समोर ठेवूनच उतरवा. ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर त्याच्या पासवर दुसरं मूल नेता येत नाही.

पत्रात 'प्रेक्षक गॅलरी' हे शब्द स्पष्ट लिहा. नुसत्या आवाराच्या पासवर सभागृह दिसत नाही. विधानसभा आणि विधान परिषद यांच्या गॅलऱ्याही वेगळ्या. 44 जागा एकदम मागण्यापेक्षा 22-22 चे दोन गट करून दोन्हीकडे मागा, सोपं जातं.

पहिला दिवस टाळा. शोकप्रस्ताव झाला की बहुधा कामकाज लवकर आटोपतं. मधला वार घ्या, तोही प्रश्नोत्तराच्या तासाचा. मुलांना खरी मजा तिथेच येते. आदल्या आठवड्यात वर्गात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी) म्हणजे काय ते नीट शिकवा, नाहीतर वर बसून नुसता गलका ऐकू येतो. सभागृह तहकूब झालं तर दिवस वाया जाऊ नये म्हणून रमण विज्ञान केंद्र हाताशी ठेवा.

तपासणीत वेळ जातो तो खिशांमुळे. डिसेंबरची थंडी, मुलांच्या अंगात जाकिटं, अन् आतल्या खिशात कंपासपेटीतलं कर्कटक. मोठ्यांकडे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), काडेपेटी, अडकित्ता. हे सगळं, मोबाईल आणि डबेसुद्धा, बसमध्येच राहू द्या. बसमध्येच खिसे उलटे करून बघा. 13 डिसेंबर 2023 ला लोकसभेत दोघांनी गॅलरीतून उडी मारली, धुराची नळकांडी बुटात लपवून आणली होती. तेव्हापासून बुटांकडेही बारीक नजर असते, म्हणून साध्या चपला बऱ्या. घोषणा लिहिलेली टोपी, दुपट्टा, बिल्ला नको. आत टाळी नाही, उभं राहणं नाही, खाली वाकून हात हलवणं तर नाहीच.

गाडी थेट सिव्हिल लाईन्सपर्यंत, म्हणजे विधान भवनाच्या भागापर्यंत, नेण्याचा हट्ट करू नका. मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवतात, रस्ते बंद होतात आणि पासवरची वेळ निघून जाते. तुम्ही वर्धा रोडनेच येणार, तर बस खापरीला थांबवा आणि मेट्रोने विधान भवनाजवळच्या झिरो माईल स्थानकावर उतरा. पासच्या वेळेच्या किमान दीड तास आधी तिथे असा. लघवी, पाणी, खाणं मेट्रोत चढण्याआधीच उरका, आणि ड्रायव्हरचा नंबर एका शिक्षकाजवळ कागदावर लिहून ठेवा, कारण फोन बसमध्ये राहणार आहेत.