नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन छोटी कलासंग्रहालयं बघायची आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की मुलीला चित्रं काढायची आवड आहे, पण मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात नेलं तर अर्ध्या तासात "घरी चला" सुरू झालं. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि माझी दोन्ही मुलं अशीच फिरवून वाढवली आहेत, म्हणून ठामपणे सांगते: सासवण्याला जा.

सासवणे हे अलिबाग तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजे नानासाहेब करमरकर, याच गावचे. त्यांचं घर हेच आता संग्रहालय आहे. गेटवेवरून लाँचने मांडवा आणि तिथून रिक्षाने थोडंसं अंतर. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतरच जा, ऊनही सुसह्य असतं.

मुलांना हे ठिकाण का आवडतं? कारण ते घर आहे. अंगण आहे, झाडं आहेत आणि मध्येमध्ये शिल्पं उभी आहेत. काचेच्या पेटीत काही नाही, "पुढे चला, पुढे चला" म्हणणारा कुणी नाही. कोळीण आहे, शंख फुंकतानाचं शिल्प आहे (ते 'शंखध्वनी', त्यांचं गाजलेलं काम), गावातली रोज दिसणारी माणसं आणि जनावरं आहेत. माझी धाकटी इथल्या म्हशीच्या शिल्पापाशी जवळजवळ पाऊण तास चित्र काढत बसली होती. पाठीची रेघ तिने तीनदा खोडली. मागच्या पायाच्या वर जे हाड वर येतं आणि त्याच्या पुढे जो खड्डा पडतो, तो तिला जमेना. चौथ्यांदा जमला. तोवर मी एक शब्द बोलले नाही, आणि तुम्हीही बोलू नका. फक्त शिल्पांना हात लावायचा नाही, हे आत शिरण्याआधीच सांगून ठेवा.

जाताना लाँचमध्ये तिला ही गोष्ट सांगा. करमरकरांचा जन्म १८९१ चा. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरच्या नजरेला पडलं आणि त्यांनी या मुलाला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे करमरकर कलकत्त्याला राहिले, लंडनला शिकून आले. पण काम बघाल तर त्यात सासवणेच दिसतं.

ही गोष्ट सांगायचं आणखी एक कारण आहे. संग्रहालय बघताना एका वेळी एकच कलाकार धरावा, असं माझं मत आहे. शंभर जणांची शंभर कामं बघून मोठ्या माणसाचंही डोकं भणभणतं. एकाचंच घर बघितलं, त्याचा हात ओळखीचा झाला, की मग त्याचं दुसरं काम आपण स्वतः शोधायला लागतो. म्हणून सासवण्यानंतर पुढच्या सुट्टीत पुण्याला जा आणि शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघा. देवळाच्या भिंतीवर महाराजांचं चित्र काढणाऱ्या त्याच मुलाने मोठेपणी तो घडवला. अनावरण १९२८ साली झालं. एवढा मोठा ब्राँझचा पुतळा एरवी तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडत असत. करमरकरांनी हा अखंड, एकसंध ओतवला, तोही परदेशात न पाठवता मुंबईत माझगावला. मग रेल्वेने, घाटातल्या बोगद्यांतून, तो पुण्याला आणला. पुतळ्याभोवती एक पूर्ण फेरी मारायला लावा मुलीला. समोरून सगळेच बघतात, पण मागून घोड्याचे पुठ्ठे आणि खालून पोट बघितल्याशिवाय वजन कुठे पेललंय ते कळत नाही. शाळेचं आवार आहे, तेव्हा फाटकावर रीतसर परवानगी मागा.

चित्रं बघायची असतील तर औंध. पुण्यातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. श्रीभवानी चित्रसंग्रहालय त्यांनी १९३८ मध्ये यमाई देवीच्या डोंगरावर जाणाऱ्या वाटेवरच बांधलं. ही जागा मला फार मोलाची वाटते. देवीला निघालेला शेतकरी, डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, सगळे वाटेत सहज आत डोकावतात. माझ्या आजीने राजा रविवर्म्याची 'सैरंध्री' अशीच बघितली होती. रविवर्मा हे नाव तिला ठाऊक नव्हतं, पण कीचकाकडे पाठवलेली द्रौपदी ही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. त्याच इमारतीत चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडी 'मदर अँड चाइल्ड'सुद्धा. खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर हेन्री मूर! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पाटीवरचं नाव दोनदा वाचलं. इथे मात्र मुलीला सगळं दाखवायचा हट्ट धरू नका. सैरंध्री आणि मूर, दोनच. मग वर देवीचं दर्शन घ्या आणि पायऱ्यांवर बसून डबा खा. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जाता येतं. सोमवार टाळा आणि निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारा, सासवण्यालाही.

कोल्हापूरही सुचवेन, पण ते मुलगी थोडी मोठी झाल्यावर. तिथे रस्त्यावरच इतकं आहे की शिवाजी चौकातला बाबूराव पेंटरांनी घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा आणि कावळा नाक्यावरचं रवींद्र मेस्त्रींचं घोड्यावरचं ताराराणी शिल्प बघण्यातच सकाळ जाते. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची वीतभराहून लहान ब्राँझची मूर्ती आहे. ती मात्र चुकवू नका.

सोबत काय घ्यावं, असंही विचारलंय. कोऱ्या कागदांची वही, दोन मऊ पेन्सिली (४बी चालेल), पाण्याची बाटली आणि तिला बसायला एक छोटं आसन, कारण सासवण्याच्या अंगणातली फरशी अकरानंतर तापते. खोडरबर द्या, पण मोबाईल तुमच्याच पिशवीत राहू द्या. फोटो काढला की पोरं बघायची थांबतात, हे मी वर्गातल्या मुलांना सहलीला नेऊन दरवर्षी बघते.