पहिली वेबसाइट: आधी एवढंच सांभाळा

भाऊ, रावेरच्या केळी गटाची साइट वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) करताय, उत्तम. थीम (साइटचं रूप) आणि प्लगिन (जादा सोयी) यांच्या नादी आत्ताच लागू नका, दिसतंय ते पुरेसं आहे.

सगळ्यात आधी मजकूर. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाइल आली आणि ती तशीच पेस्ट केली, तर साइटवर निव्वळ कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळीकडे सारखा दिसणाऱ्या अक्षरांतच, मागून घ्या.

दुसरं, पानाची लिंक. शीर्षक मराठीत असलं की वर्डप्रेस लिंकही मराठीतच बनवतं. ती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की बऱ्याचदा टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते. एकट्या ‘केळी’ शब्दाची 36 चिन्हं! म्हणून प्रकाशित करण्याआधीच ‘स्लग’च्या (लिंकमधल्या पानाच्या नावाच्या) चौकटीत रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द लिहा. पान एकदा लोकांपर्यंत गेलं की लिंक बदलू नका, जुनी तुटायची भीती असते.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- मोबाइलमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवणं. शेतात रेंज कमी असते, पान उघडतच नाही. 200-300 केबीपर्यंत आणा.
- ‘प्रीव्ह्यू’ न बघता प्रकाशित करणं. तोही मोबाइलवर बघा, शेतकरी तिथेच वाचणार.
- बॅकअप न घेता अपडेट करणं. फाइल्स आणि डेटाबेस (जिथे साइटचा मजकूर साठतो), दोन्हींचा हवा.

बदल करूनही जुनंच पान दिसलं तर घाबरू नका, कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रत, साफ करा. भाव आणि संपर्काचं पान आधी चढवा, जमेल तुम्हाला. बाकीचं नंतर विचारा, सांगतो.