वाचकांचे प्रश्न : आंबा घाटात बंद पडणारी पद्मिनी

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये कार्बुरेटरवर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर) चालणाऱ्या जुन्या गाड्यांच्या तक्रारी बऱ्याच आहेत. त्यांपैकी तीन येथे घेतल्या आहेत. पहिल्या पत्राला मुद्दामच अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील तक्रारीवर लोकांचे सर्वाधिक पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : वडिलांनी १९८२ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी मी अजून वापरतो. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि गावात दिवसभर चालवली तरी त्रास देत नाही. मात्र रत्नागिरीहून परतताना साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागलो, की निम्म्या घाटात ती आचके देऊन बंद पडते. अर्धा तास थांबल्यावर काही झालेच नाही अशी सुरू होते. कार्बुरेटर दोनदा साफ केला, प्लग बदलले, कॉइल नवी घातली. आता मेकॅनिक नवा कार्बुरेटर बसवा असे म्हणतात. बसवावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तूर्त बसवू नये. आपण तीन दुरुस्त्या केल्या, पण गाडी घाटात बंद पडलेली असताना तिला पेट्रोल मिळत नव्हते की ठिणगी मिळत नव्हती, हे कोणी पाहिल्याचे आपल्या पत्रात कोठेही नाही. हा दोष फक्त त्या अर्ध्या तासापुरता हजर असतो. गाडी गार होऊन गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ती निरोगी असते, आणि निरोगी गाडीत मेकॅनिकने काय शोधावे? म्हणून पुढच्या वेळी गाडी बंद पडली, की ती लगेच सुरू करण्याची धडपड न करता पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी तपासाव्यात.

पहिली तपासणी पेट्रोलची. एअर फिल्टरचे झाकण काढून कार्बुरेटरच्या तोंडात पाहावे आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने झटकन पूर्ण ओढावी. फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बुरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल असेल, तर आतल्या बारीक नळीतून त्याची स्पष्ट पिचकारी उडते. पिचकारी उडाली नाही, तर चेंबर कोरडे आहे. दुसरी तपासणी ठिणगीची. एका प्लगची वायर काढून, रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या उघड्या धातूपासून पाचसहा मिलिमीटरवर धरावे आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. ठिणगी निळसर आणि आवाज करणारी हवी. पिवळी, मरगळलेली ठिणगी गरम झालेल्या कॉइलकडे किंवा कंडेन्सरकडे बोट दाखवते. कॉइल नवी आहे म्हणून ती निर्दोष आहे असे धरू नये. गरम झाल्यावर आतला वेटोळा तुटणाऱ्या आणि गार झाल्यावर पुन्हा जुळणाऱ्या नव्या कॉइली मी एकाहून अधिक वेळा परत केल्या आहेत. ठिणगीची तपासणी पेट्रोलच्या तपासणीनंतर, एअर फिल्टरचे झाकण परत बसवून आणि कोठेही पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करूनच करावी.

आपल्या वर्णनावरून माझा अंदाज असा, की ठिणगी असेल आणि चेंबर कोरडे असेल. तसे निघाले तर पहिला हात पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला घालावा. झाकणातले हवेचे बारीक छिद्र बुजलेले असेल, तर पेट्रोल कमी होत जाते तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येईनासे होते. झाकण उघडताना हवा आत घुसल्याचा फुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर आपले काम दहा रुपयांच्या सुईत झाले असे समजावे.

आवाज आला नाही, तर संशय एसी पंपावर (वातानुकूलनाच्या नव्हे, पेट्रोलच्या पंपावर) येतो. इंजिनच्या अंगाला बसवलेला हा पंप टाकीतले पेट्रोल ओढून घेतो, आणि ओढल्यामुळे नळीतला दाब कमी होऊन पेट्रोल एरवीपेक्षा कमी तापमानाला उकळते. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते, पेट्रोल जास्त लागते, पण वेग कमी असल्याने बॉनेटखाली वारा मात्र कमी शिरतो. अशा वेळी पंपात पेट्रोलऐवजी वाफ भरते, आणि द्रव ओढण्यासाठी बनवलेला पंप वाफेपुढे हतबल होतो. यालाच वेपर लॉक म्हणतात. गाडी थांबल्यावर पंखाही थांबतो, त्यामुळे पहिली काही मिनिटे बॉनेटखालचा उष्मा उलट वाढतो. म्हणून बॉनेट उघडे ठेवावे. मुंबईचे टॅक्सीवाले पद्मिनीच्या पंपावर ओले फडके गुंडाळत, तो उपाय हास्यास्पद नव्हता. निदानासाठी तो आजही उत्तम आहे. फडके घट्ट पिळून फक्त पंपावर आणि त्याच्या नळीवर ठेवावे, तापलेल्या ब्लॉकवर किंवा डिस्ट्रिब्युटरवर पाणी ओतू नये. दोनतीन मिनिटांत गाडी सुरू झाली, तर वेपर लॉक नक्की समजावे.

पण चाळीस वर्षे घाट चढणाऱ्या गाडीला वेपर लॉक आताच का व्हावा? इंजिन आणि पंप यांच्यामध्ये उष्णता अडवणारी जाड चकती असते. पंप बदलताना ती हरवते आणि तिच्या जागी कागदी गॅस्केट लावले जाते. त्यामुळे ब्लॉकची उष्णता थेट पंपात येते, शिवाय पंपाच्या दांड्याचे माप बिघडते. चकती जागेवर आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. त्यानंतर टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी पाहावी. पंपाच्या पुढच्या नळीला भेग पडली, तर पेट्रोल ठिबकते आणि आपल्याला कळते. मागच्या नळीला भेग पडली, तर ती आत हवा ओढते, जमिनीवर थेंबही पडत नाही, आणि आधीच वाफेशी झगडणारा पंप आणखी दुबळा होतो. ही नळी जुनी असेल तर तपासत बसू नये, बदलावी.

यात आता पेट्रोलचाही वाटा आहे. देशात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विकले जाऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वदूर झाले. आपल्या पद्मिनीच्या पंपाचा पडदा आणि नळ्या ज्या रबराच्या आहेत, ते या मिश्रणासाठी निवडलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते आणि आतून सोलपटते. नवी नळी घेताना तिच्यावर एसएई जे ३० आर ९ असा शिक्का आहे का ते पाहावे आणि पंपाचा पडदाही इथेनॉलला टिकणारा मागावा. शिवाय एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. त्यामुळे जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या कार्बुरेटरमधल्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि चढावर गाडी ओढ कमी देते. नळ्या आणि पंप ठीक करूनही चढावर गाडी दबत असेल, तरच मुख्य जेट एका मापाने मोठा करण्याचा विचार करावा.

बरेच जण या टप्प्यावर इलेक्ट्रिक पंप बसवतात. टाकीजवळ बसवलेला पंप पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलतो, म्हणून वेपर लॉक खरोखरच कमी होतो. मात्र तो कार्बुरेटरसाठीचा, पाव बारच्या आसपास दाब देणारा हवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला, तर त्याच्या सुमारे ३ बार दाबापुढे चेंबरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई टिकणार नाही आणि गरम इंजिनवर पेट्रोल ओसंडेल. अपघातात पंप आपोआप बंद करणारा स्विचही हवाच. मला विचाराल, तर आधी चकती आणि नळी पाहावी. माझ्या अनुभवात पंप बदलण्याची वेळ त्यानंतर क्वचितच येते.

प्रश्न : माझी १९९१ ची अ‍ॅम्बॅसिडर पेट्रोल गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता कितीही सेल्फ मारला तरी सुरू होत नाही. कार्बुरेटरमध्ये दोन चमचे पेट्रोल ओतले, की क्षणभर चालते आणि बंद पडते. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : क्षणभर चालते, म्हणजे ठिणगी आहे आणि कॉम्प्रेशनही आहे, प्रश्न फक्त पेट्रोलचा उरला. चार महिन्यांत पेट्रोलमधला हलका, सहज पेटणारा भाग उडून जातो आणि उरलेले जेटमध्ये लाखेसारखे चिकटते. कोकणातल्या दमट हवेत इथेनॉल पाणीही शोषून घेते, आणि ते ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, नेमके जिथून पंप ओढतो तिथेच. म्हणून काही करण्याआधी तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवावे. दोन थर दिसले, तर टाकी पूर्ण रिकामी करावी. नवे पेट्रोल वर ओतून भागणार नाही. कार्बुरेटर साफ करताना जेटमध्ये तार घालू नये, छिद्राचे माप बदलते.

आणखी एक काम सेल्फ मारण्याआधी करावे. ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरले आहे. अशा ऑइलवर इंजिन चालवल्यास बेअरिंग जाते, आणि ऑइलच्या टाकीत साचलेली पेट्रोलची वाफ पेटण्याचा धोका वेगळाच. पंप आणि ऑइल दोन्ही बदलूनच पुढे जावे.

प्रश्न : सेल्फ मारला की नुसता ‘टक’ असा आवाज येतो, दिवे मात्र लागतात. मेकॅनिकने कार्बुरेटर उघडून ठेवला आहे. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : कार्बुरेटर परत बसवून घ्यावा, त्याचा येथे संबंध नाही. दिव्यांना फार थोडा करंट पुरतो, स्टार्टरला शंभर अँपिअरच्या पुढे लागतो. बॅटरीवर मीटर लावून पाहावे. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या वर असेल, तर बॅटरी बरी आहे. मग दोन्ही टर्मिनल काढून आतून घासावेत. त्यानंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनच्या धातूवर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास इंजिनची अर्थिंग पट्टी गंजलेली किंवा ढिली आहे.