दारू सोडली, तरी पोट दुखतंय कसं?

"मॅडम, दीड वर्ष झालं दारू सोडली म्हणतात. मग पोट अजून कसं दुखतंय? चोरून घेत असणार." स्वादुपिंडाच्या (पॅन्क्रियास, म्हणजे पोटातली पाचक रस बनवणारी ग्रंथी) जुनाट सुजेचा रुग्ण घरात असला की बायका, आया हेच विचारतात.

करवीर तालुक्यातल्या एका जोडप्याचं सांगते. वहिनींनी तांबडा-पांढरा रस्सा तर बंदच केला होता, तेलाचा थेंबही नाही. नुसता भात नि वरणाचं पाणी. तरी नवऱ्याचं वजन उतरतच होतं. रोज संध्याकाळी तो शेतातून आला की त्या दारातच त्याचं तोंड हुंगायच्या.

तीन भेटी तो गप्पच होता. चौथ्या वेळी वहिनी म्हणाल्या, "रात्री उशी पोटाशी धरून वाकून बसतात. विचारलं तर बोलत नाहीत."

मान खाली घालूनच तो बोलला, "तू रोज तोंड हुंगतीस. कळ पाठीत जाती, तवा पाठीवर एकदा तरी हात ठेवलास काय?"

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला वर्षानुवर्षांच्या कामानं शिकवलंय. मग त्या रडल्या. "हे गेले तर मी काय करू?" रोजच्या हुंगण्यामागं ही भीती होती, आणि मीही तोवर तिला संशयच समजत होते.

दारू सोडल्यानं पुढची हानी कमी होते, पण ग्रंथीत आधीच पडलेले वण जात नाहीत. म्हणून एक घोट न घेताही कळ येते, पाठीत जाते, पुढं वाकलं की जरा हलकी होते. कधीच दारू न प्यालेल्यांनाही हा आजार होतो. तंबाखू-बिडी मात्र सुटलीच पाहिजे.

वजनाचं कोडं स्वयंपाकघरात सुटलं. पाचक रस कमी पडला की स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. शौच तेलकट, उग्र वासाची होते. त्यासाठीच्या कॅप्सूल वहिनी सकाळी रिकाम्या पोटी एकदमच द्यायच्या! त्या खाण्याबरोबरच, पहिल्या घासापासून घ्यायच्या असतात. डॉक्टरांना विचारून वेळा बदलल्या, थोडं थोडं पाच-सहा वेळा खाणं, अंडी, घट्ट डाळ, बेतानं तेलही सुरू झालं. इन्सुलिनही हीच ग्रंथी बनवते, त्यामुळं साखर तपासत राहायची. ताप, सतत उलट्या, डोळे पिवळे किंवा न थांबणारी कळ असेल तर घरी थांबायचं नाही.

शेवटच्या भेटीत वहिनींनी दुखण्याची वही दाखवली. एका रात्रीपुढं लिहिलं होतं: "अडीचला कळ. पाठ चोळली. चारला झोपले."