पुण्यात चौथी, इंग्लंडमध्ये इयर फाइव्ह

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये आम्ही पुण्याहून लेस्टरला आलो. मुलगी जुलैत ९ वर्षांची झाली, तिथे चौथीत होती. इथे थेट इयर फाइव्हमध्ये बसवलं. शिवाय गणितात हुशार असूनही गुण कापले जातात. काय करावं?

उत्तर: वर्ग बरोबरच आहे. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुलं एका वर्गात बसतात आणि इयर वन पाचव्या वर्षीच सुरू होतं, म्हणून आकडा एकाने पुढे दिसतो. मागे बसवण्याचा आग्रह कृपया धरू नका.

गणिताची वही उघडून बघा. तोंडी हिशेब करून ती नुसतं उत्तर लिहीत असेल, तर 'कसं काढलं ते दाखव' या प्रश्नांचे गुण जातात. रोज दोन शाब्दिक उदाहरणं रीतसह लिहून घ्या. स्वल्पविरामही बदलतो: २,४५,००० इथे २४५,००० होतं, आणि लाखाच्या सवयीने मोठ्या संख्या चुकतात. पाढे पक्के असतील तर ती मोठीच जमेची बाजू.

शाळेतून आलेलं पुस्तक रोज मोठ्याने वाचून घ्या. घरी मराठी मात्र बिलकूल सोडू नका. आणि माध्यमिक शाळेचा अर्ज इयर सिक्समध्ये ३१ ऑक्टोबरपर्यंत कौन्सिलकडे, म्हणजे तुमच्या भागातल्या स्थानिक प्रशासनाकडे, करावा लागतो. शाळा बघायला याच उन्हाळ्यात सुरुवात करा.